नक्की कुठे दुखतंय, मास्तर?

पुढा

मास्तरांचं पोट दुखायला लागलं आणि ते का दुखतंय हे घरादारातल्या प्रत्येकाला लगेच कळलं. कळलं नाही ते एकट्या मास्तरांना. पण नुकतीच बायको गेलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या पोटाबद्दल कोण विचारतो?

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कोटाचे. चष्म्याच्या दुकानाला चिकटून त्यांचं शिंपीकामाचं दुकान. आत कापायचं मोठं टेबल, दोन शिलाई मशिनं, माणूसभर उंचीचा आरसा आणि आरशापुढे एक लाकडी ठोकळा. ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाने त्यावर उभं राहायचं. ठोकळ्यावर चढलेला माणूस बँकेचा मॅनेजर असो नाहीतर बँडमधला ढोलवाला, आपोआप गप्प होतो आणि पोट आत घेतो. "पोट सोडा, साहेब," असं मास्तर रोज कुणाला ना कुणाला सांगत. "आज आत घ्याल, पण कोट उद्या चुगली करेल." आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटांशी इतक्या सभ्यपणे वागलेल्या माणसाला त्याच्याच पोटाने दगा द्यावा, हे मास्तरांना फार लागलं.

दुखायचं उजव्या बाजूला, खाली, पट्ट्याच्या जरा आत. सतत नाही. वाकलं की. पँटची खालची दुमड लावायला गुडघ्यावर बसलं की तर हमखास. गिऱ्हाईक वरून विचारायचं, "काय झालं मास्तर?" आणि मास्तर खालून म्हणायचे, "काही नाही, तुमची पँट लांब आहे."

बायको हिवाळ्यात गेली. लोक तिला मास्तरीणबाई म्हणत. सकाळची वेळ होती. ती तिच्या स्टुलावर काजं करत होती आणि मान खाली घालून बसली, ती बसलीच. मास्तर समोरच्या मशिनवर होते. त्यांना वाटलं, दोरा ओवतेय.

बराच वेळ वाटलं.

अस्तर

कोटाचं अस्तर बाहेरून दिसत नाही, पण ते अगोदर कापून ठेवावं लागतं. म्हणून हा तुकडा इथे.

ट्रायल घेताना मास्तर टाचण्या तोंडात धरत. ही वाईट सवय आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण एका हाताने कापड ओढायचं, दुसऱ्याने चिमटायचं, आणि तिसरा हात माणसाला दिलेला नाही. म्हणून ओठ. ओठांत टाचण्यांची रांग धरलेल्या माणसाला बोलता येत नाही, तेव्हा मास्तरांचं ट्रायलमधलं सगळं संभाषण नाकातून चाले. आखूड 'हं' म्हणजे ठीक आहे. लांब 'हंऽऽ' म्हणजे साहेब, मागच्या कोटानंतर तुम्ही वाढलात. 'उंहूं' म्हणजे हात खाली. आणि शेवटाला वर चढणारा 'हं?' गिऱ्हाइकासाठी नसे, तो बायकोसाठी असे. तो आला की ती काजाचं कापड गुडघ्याखाली दाबून, मान वर न करता, डावा तळहात मास्तरांच्या हनुवटीखाली धरी. मास्तर टाचण्या त्यात सोडत, गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलत आणि त्याच तळहातावरून एकेक टाचणी उचलून परत ओठांत लावत.

हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. लग्नानंतर केव्हातरी ते सुरू झालं आणि मग चालूच राहिलं. एकदा कुठल्याशा कारणावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, बोलणं बंद. कारण आता कुणाला आठवत नाही. पण 'हं?' आल्यावर तळहात वेळेवर आला होता. तोंड भिंतीकडे, तळहात हजर.

कॉलर

कॉलर म्हणजे गळ्याभोवती जे असतं ते. मास्तरांच्या गळ्याभोवती त्या दिवसांत सल्ले होते.

पहिला सल्ला आक्काचा. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. भावजय गेल्यावर भावाकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून ती बॅग घेऊन आली होती आणि भावाकडे खरोखरच बघत बसत होती. "अरे, जोडीचं माणूस गेलं की असंच होतं. आतून तुटतं ते."

"पण आक्का, उजवीकडेच कसं तुटेल?"

"तू कशाला बाजू बघतोस? तुटू दे ना जिथे तुटायचं तिथे."

दुसरा सल्ला शेजारच्या चष्मेवाल्याचा. चष्मेवाला स्वतःला अर्धा डॉक्टर समजे. उरलेला अर्धा कोण, हे तो सांगत नसे. त्याने मास्तरांना आपल्या उंच खुर्चीवर बसवलं, अंगठ्याने खालची पापणी ओढली आणि बॅटरी मारली.

"दुःख आहे, मास्तर."

"कुठे?"

"दोन्ही डोळ्यांत. डावीकडे जरा जास्त."

"आणि पोटात?"

"ते वरून खाली उतरतं. शरीर एकच ना!"

मग गल्लीतले नेहमीचे डॉक्टर. त्यांनी मास्तरांना आडवं केलं, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "नक्की कुठे दुखतंय, मास्तर? आणि कधीपासून?" मास्तर तोंड उघडणार एवढ्यात पडद्याआडून आक्का म्हणाली, "माझी भावजय गेल्यापासून." डॉक्टरांचा हात पोटावरून उठला आणि मास्तरांच्या खांद्यावर गेला. दोनदा थोपटून तो तिथेच राहिला.

पुढे मास्तरांनी बरेच डॉक्टर पाहिले. प्रत्येकाचा हात पोटावर यायचा, आक्का तेच वाक्य बोलायची आणि हात खांद्यावर जायचा. खांदा एवढा तपासून घेतलेला माणूस गल्लीत दुसरा नसेल. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

तपासण्या मात्र झाल्या. रक्त झालं. तांब्यातांब्याने पाणी पाजून सोनोग्राफी झाली. त्या दिवशी आधीच्या पेशंटला वेळ लागला आणि मास्तर बाकावर पाय जुळवून अशा चेहऱ्याने बसले होते की समोरच्या बाईने त्यांना विचारलं, "घरी कुणी गेलंय का?" मग घशातून दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल. पोटाचे मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "तुमचं पोट तिशीतल्या माणसासारखं आहे."

"मग त्याला त्याचं परत द्या," मास्तर म्हणाले, "आणि माझं कुठे ठेवलंय ते बघा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

खिसा

आता खिशातली गोष्ट. मास्तरांनी ती कुणाला दाखवली नव्हती.

बायको गेली तेव्हा मास्तर रडले नव्हते. लोक जमले, लेक येऊन गळ्यात पडली, आक्का दारातूनच हंबरडा फोडत आली, चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढून पुसला. मास्तर कोरडे. त्यांनी आलेल्यांना खुर्च्या दिल्या. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा दुकानातून ठोकळा आणला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मास्तरांनी पाहिलं. पाणी आपोआप येईल म्हणून ते वाट बघत राहिले. आलं नाही. रात्री त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

आणि मग पोट दुखायला लागलं.

हळूहळू गल्लीचं मत बदललं. बायका आपापल्या नवऱ्यांना मास्तरांकडे बोट दाखवून म्हणू लागल्या, "बघा. याला म्हणतात माणूस. तुम्ही असता तर जेवून झोपला असतात." नवरे मास्तरांवर चिडले. समोरचा किराणावाला एकदा दुकानात येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, राग मानू नका, पण जरा कमी दुखवा. आमच्याकडे रोज जेवताना तुमचं पोट निघतं."

मास्तरांनी आधी नाही नाही म्हटलं. मग गप्प राहिले. मग त्यांनाही ते पटायला लागलं. डोळ्यांनी जे केलं नाही ते पोट करतंय. कळ आली की ते कातरी खाली ठेवत, टेबलाची कड धरत आणि त्या कळीला मनातल्या मनात म्हणत, ये. दिवसातून एकदा तरी ती येत असे. न आली तर ते मुद्दाम वाकून बघत.

डावी बाही

मास्तरांची लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. रोज सकाळी कामावर जाता जाता ती फोन करी. "बाबा, आज कसं आहे?" मास्तर म्हणत, "आहे." या 'आहे'मध्ये जरासं समाधान असे. लेकीला ते ऐकू यायचं आणि तिचा जीव खाली-वर व्हायचा. तिनेच त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

मनाच्या डॉक्टरांची खोली छान होती. खुर्चीच्या हाताचं कव्हर मात्र कोपऱ्यात उसवलेलं होतं आणि डॉक्टरांच्या कोटाची बाही काखेत ओढत होती. हात वर केला की सगळा कोट वर जायचा.

"मोकळे व्हा," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हीही व्हा. काखेत अर्धा इंच सोडायला हवा होता."

"त्यांच्याबद्दल बोला ना. काय आठवतं?"

मास्तरांनी खूप आठवून पाहिलं. "काजं चांगली करायची," ते म्हणाले. मग आणखी काही सुचेना. एवढ्या वर्षांच्या संसाराचं एवढंसं वाक्य झालं म्हणून ते ओशाळले. डॉक्टर समजुतीने मान हलवत होते आणि मान हलताना कॉलर मागून उभी राहत होती.

त्यांनी गोळी दिली नाही. सकाळचं चालणं दिलं. "चार माणसांत मिसळा."

उजवी बाही

(दोन बाह्या सारख्या हव्यात. या नाहीत. उजवी आखूड निघाली.)

बागेतल्या चालणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये एक मान होता. तो ज्याचा आजार मोठा त्याला मिळे. मास्तरांनी भीतभीत पोटाचं सांगितलं. "रिपोर्ट काय म्हणतात?" सगळ्यांत पुढे चालणाऱ्याने विचारलं. "नॉर्मल," मास्तर म्हणाले. त्यांना रांगेत शेवटी घालण्यात आलं. शेवटच्या माणसाला ओल्या शेवाळाची फरशी दिसत नाही. मास्तर खुब्यावर आपटले.

म्हाताऱ्यांनी त्यांना ताबडतोब रांगेत पुढे घेतलं. उचलून.

उलट बाजू

खुब्याचा एक्स-रे काढायचा होता. काचेच्या खोलीत एक चटपटीत बाई बसलेल्या. मास्तर टेबलावर आडवे झाले, काहीतरी टक् झालं आणि काचेआडून आवाज आला, "काका, शर्टात टाचणी राहिलीय. काढून या."

मास्तर उठून बसले. खुबा विसरून. "माझ्या शर्टात?"

"हो."

"बाई, हा शर्ट मी शिवलाय."

"तेच म्हणतेय, शिवताना राहिली असेल."

"माझ्या दुकानातून टाचणी राहिलेलं कापड आजवर बाहेर गेलेलं नाही."

"बरं. पण बाहेर रांग आहे, काका. शर्ट काढा."

शर्ट काढला. मास्तरांनी तो उलटा करून शिवणीवर बोटं फिरवली. काही नाही. पुन्हा आडवे. टक्.

"अजून आहे. पँटला असेल."

आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता. एका गिऱ्हाइकाने एकदा 'डावा पाय लांब झालाय' म्हटलं होतं, पण त्याचा पायच लांब होता, हे मास्तरांनी टेप लावून दाखवलं होतं. इथे टेपसुद्धा जवळ नव्हती. पँट गेली. त्यांना मागून नाडीने बांधायचा दवाखान्याचा झगा मिळाला. त्याच्या शिवणी इतक्या वाकड्या होत्या की मास्तरांनी टेबलापर्यंत चालत जाताना तो मनात पूर्ण उसवून पुन्हा शिवला. टक्.

"काका, आता झग्यातही टाचणी आहे म्हणायची!"

"या झग्यात टाचणी कुठली," मास्तर छताकडे बघत म्हणाले, "धड टाकासुद्धा नाही."

मग दार उघडलं. बाई बाहेर आल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"काका, तुम्ही काम काय करता म्हणालात?"

फिल्म त्यांनी उजेडासमोर धरली. काळ्यावर पांढरी हाडं आणि त्यांच्या मध्ये उजवीकडे, तिरकी, डोक्यासकट एक टाचणी. मास्तरांनी ओळखली. कोटाच्या जाड कापडाला वापरतात ती, लांब, गोल डोक्याची. स्वच्छ दिसत होती. जणू कुणी मास्तरांनाच ठोकळ्यावर उभं करून, इथे जरा आत घ्यायचंय म्हणून, टोचून ठेवली होती.

मास्तरांना सगळ्यांत आधी जर काही वाटलं असेल तर सुटका. टाचणी शर्टात नव्हती.

चिंधी

"मोठ्या आतड्याला शेपटीसारखा एक भाग असतो, अपेंडिक्स," ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले. "तिथे जाऊन बसलीय. सोनोग्राफीत अशा गोष्टी सहसा दिसत नाहीत, आणि साधा एक्स-रे काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. भोक पडलं नाही हे नशीब. काढून टाकू."

"नाही काढली तर?"

"पाडेल. मग आम्हाला वेळ मिळेलच असं नाही. गिळलीत कधी, आठवतंय?"

"नाही," मास्तर म्हणाले.

आठवत होतं.

दुकान पुन्हा उघडलं त्या आठवड्यात. बाहेरगावचं एक जुनं गिऱ्हाईक ठोकळ्यावर उभं होतं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. खांद्याची शिवण बसवून होत आली तेव्हा तो आरशात बघत सहज म्हणाला, "आज मास्तरीणबाई दिसत नाहीत?"

मास्तर म्हणाले, "हं?" शेवटाला वर चढणारा. आणि हनुवटी डावीकडे वळवून तोंड उघडलं.

टाचण्या फरशीवर वाजल्या. घशाशी जे आलं होतं ते मास्तरांनी गिळलं. घसा दुखला, पण तो त्या दिवसांत दुखतच होता. मग ते वाकून टाचण्या वेचत राहिले, गिऱ्हाईक "अरेरे" म्हणत राहिलं. तोंडात किती होत्या हे मास्तरांना कधीच माहीत नसे. ते तळहाताला माहीत असायचं.

उसवण

बातमी गल्लीत पोचली.

"टाचणी?" बायकांनी विचारलं. नवऱ्यांना हर्ष लपवता आला नाही. किराणावाला त्या रात्री म्हणे दोनदा वाढून घेऊन जेवला. चष्मेवाला म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरी टोचतंय." त्याने असं काहीही म्हटलं नव्हतं. आक्का तर दुखावलीच. "अरे, तुझ्या दुखण्यावर मी किती रडले! टाचणीवर रडले होय मी?" तिने बॅग भरायला काढली, मग परत लावली, मग भावाशी न बोलता भाजी निवडत बसली.

मास्तर मात्र ऑपरेशनचं नाव काढू देईनात. "बघू," म्हणायचे. "कामं आहेत." "हा सीझन जाऊ दे." जावई विम्याच्या मागे लागला आणि तिथे जी अडचण आली तिने मास्तरांना जवळजवळ आनंद झाला. कुठल्याही कचेरीने आपलं काम अडवावं म्हणून माणूस आशेने खिडकीपुढे उभा आहे, हे दृश्य तसं दुर्मीळच. खिडकीत एक थकलेला कारकून होता. बाजूला लेक उभी होती.

"आजार की अपघात?" कारकुनाने विचारलं.

"टाचणी," जावई म्हणाला.

"ते कारण झालं. प्रकार सांगा. आजार म्हणाल तर पोट आधीपासून दुखतंय, म्हणजे जुना आजार. तो बसत नाही. अपघात म्हणाल तर घडल्यावर लगेच कळवायला हवा होता."

"अहो, गिळल्याचं कळलंच नव्हतं, तर कळवणार काय?"

"कळला नाही म्हणजे तुमच्या दृष्टीने झालाच नाही."

"फिल्ममध्ये दिसतेय ना साहेब ती!"

"टाचणी दिसतेय. अपघात कुठे दिसतोय?" कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने जरा विचार केला. "घटना प्रत्यक्ष बघणारं कुणी असेल तर करता येईल काहीतरी. साक्षीदार आहे? तुमच्या शेजारी दुकानात कोण असतं?"

जावयाने मास्तरांकडे पाहिलं. इतका वेळ एक शब्द न बोललेले मास्तर म्हणाले,

"ती असती तर हे झालंच नसतं."

कारकुनाने पेन उचललं आणि काही न लिहिता खाली ठेवलं. "पुढच्या आठवड्यात या," तो म्हणाला. "मी साहेबांशी बोलतो."

बाहेर जिन्यात लेकीने त्यांची बाही धरली. "आत म्हणालात त्याचा अर्थ काय?"

मास्तरांनी तिला सांगितलं. जिन्यात उभ्या उभ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत. ठोकळा, गिऱ्हाईक, 'हं?', फरशी. आणि रडलो नाही तेही. "पोट दुखतंय तोवर निदान काहीतरी आहे गं," ते म्हणाले. "ती काढली की मी नुसता एक जेवणारा-खाणारा माणूस. तिच्यासाठी काय केलं मी?"

जावई खालच्या पायरीवर मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग करत होता.

"बाबा, टाचणी आहे ती," लेक म्हणाली. "आई नाहीये."

"माहीत आहे मला."

"नाही माहीत. आई समोर बसली होती आणि तुम्हाला वाटत राहिलं की दोरा ओवतेय. बरोबर? त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही कधी. पण मी रोज सकाळी फोन करते, तुम्ही 'आहे' म्हणता आणि मी ट्रॅफिकमध्ये उभी राहून मनाला सांगते, ओवतायत दोरा, ओवतायत. किती दिवस सांगू?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कोटाचं वरचं बटण लोंबत होतं, एका दोऱ्यावर. त्यांनी ते धरलं, म्हणजे पडू नये म्हणून, आणि जिना उतरेपर्यंत धरूनच राहिले.

काज

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना पुन्हा तोच झगा मिळाला. या वेळी ते काही बोलले नाहीत.

ढकलगाडीवर, ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी, एक नर्स आली. तिशीची असेल. तिचं लक्ष दुसऱ्याच कशात तरी होतं. मान वळवून ती आतल्या कुणाला तरी गॉज कुठे ठेवलंय ते सांगत होती. "अंगठी काढलीत? चष्मा दिलात?" असं न बघताच विचारत गेली. मास्तर "हं, हं" म्हणत गेले. मग तिने विचारलं, "तोंडात काही आहे? कवळी वगैरे?" आणि त्यांच्याकडे न बघताच डावा तळहात त्यांच्या हनुवटीखाली धरला.

रोज कितीतरी म्हाताऱ्यांसमोर ती तो तसाच धरत असणार.

मास्तरांनी हनुवटी वळवली. तोंड उघडलं. त्यात काहीच नव्हतं. दात सगळे स्वतःचे होते. पण तळहात होता तिथेच राहिला, उघडा, जरासा खोलगट, आणि मास्तर त्यात तोंड घालून रडायला लागले. आधी आवाज नाही, मग आवाज. बायको गेली त्या दिवशी यायला हवं होतं ते सगळं त्या अनोळखी तळहातात. नर्स दचकली. तिने आत बोलणं थांबवलं. हात काढून घ्यावा असं तिला वाटलंही असेल, पण काढला नाही.

"घाबरू नका, काका," ती म्हणाली. "छोटंसं ऑपरेशन आहे."

"हं," मास्तर म्हणाले.

काचेच्या दाराबाहेर आक्का उभी होती. तिने ते पाहिलं आणि लेकीच्या दंडाला चिमटा काढला. "बघ," ती म्हणाली, "पोट नव्हतंच ते," आणि मग स्वतःचेच डोळे पुसत बसली.

टीप

टाचणी निघाली. छोट्या बाटलीत घालून ती मास्तरांना देण्यात आली. ती काळी पडली होती, डोकं मात्र शाबूत. मास्तरांनी काही दिवस बाटली टेबलावर ठेवली, मग खणात आणि मग एकदा खण आवरताना इतर टाचण्यांबरोबर टाकून दिली. पोट दुखत नाही. वाकलं तरी नाही. विम्याचं अजून चालू आहे. साहेब रजेवर आहेत. बागेतल्या म्हाताऱ्यांनी मास्तरांना मधल्या रांगेत जागा दिली आहे.

लेकीने मनगटाला बांधायची एक गादी आणली, तिच्यात टाचण्या टोचून ठेवतात. आता मास्तरांचं तोंड रिकामं असतं. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर तिथल्या तिथे उत्तर देता येतं. तरी कुणी काही विचारलं की ते लगेच बोलत नाहीत. हातातलं कापड तसंच धरून हनुवटी जराशी डावीकडे वळवतात, रिकाम्या स्टुलाच्या बाजूला, आणि एक क्षण थांबतात.

मग वळून, साध्या आवाजात, काय सांगायचं ते सांगतात. ठोकळ्यावरच्या माणसाला वाटतं, मास्तर माप आठवतायत.